हट्टी रेणू आणि पैलवानाची मिशी

साताऱ्याजवळच्या एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात मी तांत्रिक अधिकारी होतो. शेजारी कामाचे स्वरूप विचारीत तेव्हा पत्नी सांगत असे, "ते थेंब बघतात." या वर्णनात चूक काढता येत नाही. सकाळी यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली थेंब बघायचे, काही झाले नसेल तर तसे नोंदवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे. बहुतेक दिवस काही झालेले नसे. त्याआधी काही वर्षे सांगलीच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. तिथे काही घडले नाही तरी पान भरावेच लागे. इथे ती सक्ती नव्हती.

थेंबात आरएनए असे. हा पेशीतला लांबलचक, दोऱ्यासारखा रेणू. करोनाच्या काळात त्याचे नाव घरोघरी पोचले आणि नंतर परतही गेले. काही आरएनए स्वतःभोवती घड्या घालून ठरावीक आकार धरतात आणि त्या आकाराच्या जोरावर काम करतात. आकार कळला तर एखादे औषध त्याच्या कोणत्या खाचेत बसेल हे सांगता येते. रेणू डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. म्हणून असंख्य एकसारखे रेणू एकाच दिशेला तोंड करून रांगेत उभे करायचे, म्हणजेच त्यांचा स्फटिक वाढवायचा, आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. रांगा शिस्तीच्या असतील तर पलीकडे काठापर्यंत ठिपके उमटतात. रांगा ढिल्या असतील तर मध्यावर एक डाग पडतो आणि काही महिन्यांचे काम संपते.

आरएनएला रांगेत उभे राहायचे नसते. त्याच्या अंगभर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे दोन रेणू जवळ आणले की बांधावरून भांडलेल्या भावांसारखे ते एकमेकांपासून दूर सरतात. मधे मॅग्नेशियम घालावे लागते. ते दोघांच्या मधे बसून समजूत काढते. कमी पडले तर भांडण मिटत नाही, जास्त झाले तर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि थेंबाचा चिखल होतो.

पद्धत सोपी आहे. काचेच्या छोट्या चकतीवर थेंब ठेवायचा, चकती उलटी करून एका वाटीवर बसवायची आणि कड ग्रीसने बंद करायची. वाटीत दाट क्षारद्रव असतो. थेंबातले पाणी सावकाश उडून वाटीत जाते, थेंब दाट होत जातो, आणि रेणूंची इच्छा असेल तर ते रांगा धरतात. अशा चोवीस वाट्यांचा एक ट्रे. त्याला हात लावायचा नाही, त्याच्यावर बोलायचे नाही, त्याच्याजवळ शिंकायचे तर नाहीच. माणसाच्या बोटांवर आणि थुंकीत आरएनए खाणारे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. बोलताना उडालेला एक कण पुरेसा होतो. महामार्गावरून उसाचे ट्रॅक्टर गेले की टेबल थरथरत असे, म्हणून टेबलाच्या पायांखाली आम्ही हवा भरलेल्या जुन्या ट्यूब घातल्या होत्या. परदेशातून आलेल्या एका पाहुण्याने त्यांचे छायाचित्र काढून नेले. कशासाठी, ते कळवले नाही.

स्फटिक या शब्दामुळे लोक येत. सांगलीच्या एका सराफाने नमुना मागितला. अंगठीत बसवता येईल का, अशी त्याची चौकशी होती. स्फटिक मोहरीच्या दाण्याच्या कितीतरी पट लहान असतो, थेंबाबाहेर काढला की वाळून मरतो, आणि बोटाने दाबला तर लोण्यासारखा फुटतो, ही माहिती त्याने शांतपणे ऐकली.

"पण राशीला चालतो का?" त्याने विचारले.

आता प्रज्ञाविषयी. ती कोरेगावची. वडील लवकर गेले. आई सुमनताई अंगणवाडी सेविका. प्रज्ञा आमच्याकडे पीएचडी करत होती आणि तिच्या वाट्याला एका जिवाणूतला आरएनए आला होता. त्याचा स्फटिक कुणालाच वाढवता आलेला नव्हता. तिलाही तीन वर्षांत आला नाही. थेंब एकतर नितळ राहत किंवा चिखल होत.

विभागप्रमुखांना आम्ही सगळे सर म्हणत असू. सर प्रेमळ होते, परंतु क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावर वेळ मिळवणे त्यांच्याही हातात नव्हते. ते यंत्र परराज्यात आहे, तिथे पाळी लावावी लागते. प्रज्ञाला दिवाळीनंतरची पाळी मिळाली. सरांनी तिला बोलावून सांगितले, "या पाळीला काही नेता आलं तर ने. नाहीतर हा रेणू सोडायचा आणि सोपा घ्यायचा."

सोडलेले रेणू आमच्या खोल गोठवणाऱ्या फ्रीजरमध्ये असत. प्रत्येक नळीवर कुणाचे तरी हस्ताक्षर. त्यातले काही विद्यार्थी आता बँकेत आहेत, एक पोलीस उपनिरीक्षक आहे. माझ्या कारकिर्दीत आकार कळलेल्या रेणूंपेक्षा या फ्रीजरमध्ये गेलेले रेणू जास्त आहेत. फ्रीजर पुसताना त्या नळ्यांकडे बघणे मी टाळत असे.

प्रज्ञा बाहेर आल्यावर म्हणाली, "सोपा रेणू म्हंजी ज्येचा आकार आधीच कुणीतरी काढलाय. मग मी काय काढू?" एरवी ती शुद्ध बोलत असे. कोरेगाव बाहेर आले की प्रकरण गंभीर आहे असे समजायचे.

त्याच आठवड्यात माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दाढ काढायला साताऱ्यात आले. वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ते पॅनमन होते. रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरवायचा, हे पॅनमनचे काम. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी चहात साखर घालण्याआधी ते ती तळहातावर घेऊन बघतात आणि बहुधा नापसंती दर्शवतात. दाढ निघाल्यावर घरात बसून कंटाळले, म्हणून त्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेले. हातमोजे दिले, तोंडावर मुखपट्टी बांधली. त्यांनी तक्रार केली नाही. ट्रे ठेवलेल्या थंड कपाटासमोर मात्र ते थबकले.

"मेव्हणं, हे किती दिस असं ठेवलंय?"

"दीड महिना झाला असेल."

"आन् कोण हलवतं?"

"हलवायचं नसतं, दाजी."

दाजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी लग्नात मानपान चुकले तेव्हा एकदा पाहिली होती.

इथे साखर कारखान्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. पॅनमधून उतरवलेला घट्ट माल मोठ्या टाक्यांत सोडतात आणि तिथे तो सतत सावकाश ढवळत ठेवतात. ढवळला नाही तर थिजतो आणि मग तो फोडून काढावा लागतो. दाजींची सगळी नोकरी या एका नियमावर गेली होती. न ढवळलेला माल बघणे त्यांना शारीरिकदृष्ट्या जड जात होते. हे मला नंतर कळले. त्या वेळी मला भांडारातून बोलावणे आले आणि मी बाहेर गेलो.

परत आलो तेव्हा दाजी खोलीच्या मधोमध उभे होते. दोन हातांत प्रज्ञाचा ट्रे होता आणि डोळे मिटून ते तो चाळणीसारखा हेलकावत होते. दुसरा ट्रे टेबलावर होता. त्याचे हेलकावणे आधीच पूर्ण झाले होते. त्याच वेळी दारातून प्रज्ञा आत आली.

"आवं काका! ठेवा खाली! न्हाई, टाकू नका, हळू ठेवा!"

"घाबरू नगं पोरी," मुखपट्टीतून दाजी म्हणाले. "हलवला न्हाई तर माल बसतो. मग छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो."

"काका, त्यात माल न्हाई. माझी तीन वर्सं हाईत त्यात."

"मग तर हलवायलाच पायजे."

दोन्ही ट्रे परत कपाटात गेले. टेबलावरच्या ट्रेमधल्या चकत्या सरकून थेंब वाटीत पडले होते, तो वाया गेला. सरांना कळवणे भाग होते. सर प्रत्येक अपघाताला प्रयोग म्हणत, त्यामुळे त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "यात तुलनेसाठी न हलवलेला ट्रे ठेवला होता का?" होता. कपाटातल्या तिसऱ्या ट्रेला दाजींचा हात लागला नव्हता. सर समाधानाने निघून गेले. प्रज्ञा माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. दाजी संध्याकाळी बहिणीला फोनवर सांगत होते, "त्येंच्याकडं पद्धतच न्हाई. सगळं देवावर सोडलंय."

चार दिवसांनी हलवलेल्यांपैकी वाचलेला ट्रे सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. थेंब नितळ नव्हते. चिखलही नव्हता. कणाकणात कडा होत्या आणि त्या चमकत होत्या. थेंबात कुणी पिठीसाखर सांडली आहे असे वाटत होते. न हलवलेल्या ट्रेमध्ये काहीही नव्हते. प्रज्ञाने बारीक सुईने एक कण दाबला. मिठाचा असता तर टणक लागला असता. तो मऊ फुटला.

दाजींना ही बातमी देऊ नये असे माझे मत होते. पत्नीने दिली.

"दाणा धरला व्हय?" दाजी म्हणाले. "मग आता अजून हलवा."

दाजींचा या यशातला वाटा किती, हा आमच्या घरात अजून मिटलेला विषय नाही. वस्तुस्थिती अशी की ते बारीक कण क्ष-किरणांसाठी निरुपयोगी होते. कुजबुजणाऱ्या हजार माणसांनी सभा होत नाही. आम्हाला एक, मोठा, सलग स्फटिक हवा होता. पण त्या कणांचा दुसरा उपयोग होता. ते बियाणे म्हणून वापरता येतात. नव्या, जरा कमी दाट थेंबात एखाद-दुसरा कण सोडला की रेणू त्याच्याभोवती रांगा धरतात आणि तोच वाढतो. हे बियाणे टोचायला जे साधन लागते ते बहुतेक वाचकांना खोटे वाटेल. ते आहे मांजराची मिशी.

जगभर हेच वापरतात. मिशीचा केस टोकाला निमुळता, ताठ आणि लवचिक असतो. बारीक कणांतून ओढला की त्याच्या खवल्यांत मोजके बियाणे अडकते, मग नव्या थेंबातून एक रेघ मारायची. घोड्याच्या शेपटीचा केसही चालतो. एकदा आम्ही तो पाचगणीच्या पठारावरून आणला होता. घोडेवाला म्हणाला, "आधी चक्कर मारा, मग केसाचं बघू." सरांनी चक्कर मारली. केस जाड निघाला, सरांची पाठ मात्र आठवडाभर धरली होती.

प्रज्ञाच्या घरी बोका होता. अंगाने काटकुळा, म्हणून त्याचे नाव पैलवान. रविवारी आम्ही दोघे कोरेगावला गेलो. येणार असल्याचे तिने आईला आधी कळवले होते, ही आमची चूक झाली. सुमनताईंनी पाहुणे येणार म्हणून घर कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून, फरशी पुसून, अंथरुणे उन्हात टाकून ठेवली होती. घरात केस नावाची वस्तू राहिली नव्हती.

"आई, मिशी पायजे हुती, पैलवानाची," प्रज्ञा म्हणाली.

"मिशी? मला वाटलं तुला भेटायचंय त्येला." सुमनताईंनी माझ्यापुढे पोहे ठेवले. "मिशी लागती तर बोक्यालाच न्या की."

"प्रयोगशाळेत बोका चालत न्हाई."

"आन् त्येची मिशी चालती व्हय?"

यावर शास्त्रीय उत्तर होते, पण ते देण्याची ती वेळ नव्हती. पैलवान कोनाड्यात बसून होता. त्याला दोन्ही बाजूंना भरघोस मिशा होत्या. माझी नजर तिकडे गेलेली सुमनताईंनी पाहिली.

"ओढायची न्हाई बरं का सायेब. त्येची त्येनं सांडली तर घ्यायची. न्हाईतर आधी तुमची ओढून बघू, दुखतंय का."

मी माझ्या मिशीवर हात ठेवला आणि अट मान्य केली.

शोध सुरू झाला. शेजारच्या एका बाईंनी खराट्याची काडी आणून दाखवली. दुसऱ्या म्हणाल्या, "आमच्या म्हशीचा केस द्यू का? लय ताठ हाय." बाकीच्या बायका पैलवानासमोर बसून, त्याने काही सांडावे म्हणून वाट पाहू लागल्या. पैलवानाने सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि तो झोपला. दुपारपर्यंत सुमनताई मान्य करायला तयार नव्हत्या की त्यांच्या झाडण्यातून काही सुटले असेल. शेवटी उन्हात टाकलेल्या गोधडीच्या शिवणीत प्रज्ञाला एक पांढरी मिशी अडकलेली सापडली.

"म्हंजी गोधडी झटकली न्हाई म्हणायची मी?" सुमनताई म्हणाल्या. त्या अपमानातून त्या संध्याकाळपर्यंत सावरल्या नाहीत.

मिशी थेट वापरता येत नव्हती. बोका स्वतःला चाटतो, आणि थुंकीतले विकर आरएनए खाते. प्रथिनांचे स्फटिक वाढवणारे लोक मिशी नुसती पुसून घेतात, आम्हाला ती औषधात भिजवून, शुद्ध पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावी लागली. मग प्रज्ञाने बियाण्यातून ती ओढली आणि नव्या थेंबांत एकेक रेघ मारली. श्वास रोखून. मी दाराशी उभा राहिलो. दाजी वाळव्याला परत गेले होते, तरी कुणी आत येऊ नये याची खात्री करून घेतली.

आठवड्यात रेघेवर स्फटिक आले. बहुतेक लहान होते. तीन काढून नेण्यासारखे होते. पहिला देखणा, सहा बाजूंचा, कडा पातीसारख्या. सगळ्या विभागाने त्याचे छायाचित्र फोनमध्ये ठेवले. दुसरा लांबट. तिसरा मला आवडला नव्हता. एक कोपरा फुटलेला, रंगाने गढूळ. मी म्हणालो, "याला राहू दे." प्रज्ञा म्हणाली, "जागा हाय की डब्यात."

डबा म्हणजे द्रव नायट्रोजनचा. स्फटिक बारीक फासात उचलून क्षणात गोठवावा लागतो आणि तसाच न्यावा लागतो. आमचा डबा गळत होता, म्हणून उंब्रजला गाईंचे कृत्रिम रेतन करणाऱ्या एका तंत्रज्ञाकडून त्याचा मोकळा डबा मागून आणला. त्याने डबा देताना झाकण उघडून आत पाहिले आणि सहज विचारले, "ह्यात काय नेणार? जर्सी का होल्स्टिन?"

"आरएनए," मी म्हणालो.

"नवीन जात दिसतीया. दूध किती देती?"

प्रज्ञा म्हणाली, "तीन वर्सं झाली, अजून थेंबच देती."

त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि खुराक बदलायला सांगितले.

यंत्रावरच्या पाळीच्या दिवशी प्रज्ञा डबा घेऊन परराज्यात होती. त्या दुपारी सुमनताई साताऱ्यात अंगणवाडीच्या बैठकीला आल्या होत्या. बैठक संपल्यावर त्या प्रयोगशाळेत आल्या. लेकीचा फोन लागत नव्हता, म्हणून. मी त्यांना बसवले, चहा मागवला. सर येरझाऱ्या घालत होते आणि दर वेळी, आपण सहजच आलो, असे सांगत होते.

प्रज्ञाचा पहिला फोन आला. देखणा स्फटिक मिठाचा निघाला. थेंबातल्या क्षाराने आमच्या डोळ्यांसमोर तो वाढवला होता आणि आम्ही त्याची छायाचित्रे नातेवाइकांना पाठवली होती. सर म्हणाले, "मीठही एक निष्कर्ष आहे." दुसरा फोन थोड्या वेळाने आला. लांबट स्फटिकाने मध्यावर एक डाग दिला आणि बाकी काही नाही.

"आता?" सुमनताईंनी विचारले.

"अजून एक आहे," मी सांगितले. तो आपण राहू दे म्हणालो होतो, हे सांगितले नाही. सरांनी खिडकीकडे तोंड केले. सोपा रेणू कोणता द्यायचा, हे त्यांच्या मनात ठरत असावे.

नंतर फोन आला नाही. माझ्या फोनवर एक छायाचित्र आले. मी ते उघडले. करड्या चौकटीवर काळे ठिपके होते. मध्यापासून काठापर्यंत, ओळीत, सारख्या अंतरावर, काठाला टेकून संपलेले. इतक्या वर्षांत एवढे शिस्तीचे ठिपके माझ्या नजरेखालून गेले नव्हते. सरांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि "अरे," एवढेच म्हणाले. मग त्यांनी तो सुमनताईंच्या हातात दिला.

तेवढ्यात सरांना प्रज्ञाचा फोन आला. त्यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला आणि सुमनताई इथेच आहेत असे सांगितले. "आई, बघितलंस? बघितलंस का तू?"

सुमनताईंनी छायाचित्र लांब धरून पाहिले, मग जवळ घेऊन पाहिले.

"ठिपकं हायत," त्या म्हणाल्या.

"व्हय आई, ठिपकंच पायजे हुतं!"

"लय सरळ पडल्यात. रांगोळीचं असं माझं बी पडत न्हाईत." त्यांनी पुन्हा एकदा ओळीवरून बोट फिरवले. "आता रेघा कवा ओढतीस?"

सर माझ्याकडे बघू लागले. ठिपक्यांवरून रेणूचा आकार काढणे हे पुढचे काम होते, आणि ते अजून सुरूही झालेले नव्हते.

"दोन वर्सं तरी लागतील, आई."

"मग आधी जेवून घे," सुमनताई म्हणाल्या.